हात लावण्याआधी: घरातल्या दिव्यांग माणसाची काळजी घ्यायला शिकणाऱ्या नागपूरकरांसाठी

लकवा मारलेल्या बाबांना डिस्चार्ज मिळतो तेव्हा घरच्यांच्या हाती एक फाइल येते, औषधांची पिशवी येते आणि "कड बदलत राहा, फिजिओ चालू ठेवा" एवढं वाक्य येतं. कड कशी बदलायची, किती वेळाने, उशी कुठे लावायची, हे बहुतेकांना कोणी करून दाखवलेलं नसतं. मग घर आपापल्या अकलेने कामाला लागतं. काखेत हात घालून उठवतात, झोपल्या झोपल्या चमच्याने पाणी पाजतात, पाठीवर लाल झालेल्या जागी खोबरेल तेल चोळतात. तिन्ही कामं मायेनेच होतात आणि तिन्हींनी इजा होते.

ज्यांच्या घरात हे सगळं नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोणाच्या घरी अपघातात मणक्याला मार लागलेला मुलगा असेल, कोणाकडे सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणं) असलेलं लेकरू, कोणाकडे ऑटिझम असलेला भाचा, कोणाकडे नजर गेलेले आजोबा. प्रत्येकाची गरज वेगळी आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टर-थेरपिस्टने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. इथे दिलंय ते सगळ्या घरांना लागणारं.

## शिकणार कोण?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा, कारण तो सोडवला नाही तर आपोआप सुटतो आणि नेहमी एकाच माणसावर येऊन पडतो. बायको किंवा सून. थेरपीच्या खोलीत शिकायला सून येते, घरी उचलायला मुलगा लागतो, आणि मुलगा शिकायला आलेलाच नसतो. तो जोर लावून उचलतो, आजीचा खांदा ओढला जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून आजी "हात लावू नका" म्हणून ओरडते.

म्हणून किमान दोघांनी शिकायचं. त्यातला एक पुरुष असला तर फार बरं. नुसता जोराचा प्रश्न नाही, लाजेचाही आहे. सासऱ्यांची आंघोळ आणि लघवीची स्वच्छता सुनेने करावी हे दोघांनाही जड जातं. मुलाने ते काम अंगावर घेतलं की सासरे आंघोळीला नाही म्हणायचे थांबतात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. कामाला मावशी किंवा अटेंडंट ठेवणार असाल तर तिलाही तुम्हीच शिकवायचं आहे. ती दहा घरं करून आली असेल, पण तुमच्या बाबांचा डावा गुडघा दुमडतो हे तिला ठाऊक नसतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजीवाहकाची व्याख्या आहे. मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती, आई-वडील आणि कुटुंबीय धरून. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही नुसते नातेवाईक नाही. वॉर्डात प्रश्न विचारताना संकोच वाटला तर हे आठवा.

आणि ज्याची काळजी घ्यायची तो माणूस शिकवणाऱ्यांच्या बाजूला बसतो. बोलता येत असेल तर तोच सांगेल कुठे धरलं की दुखतं. बोलता येत नसेल तर चेहरा सांगतो, अंग ताठ होणं सांगतं.

## नागपुरात शिकायचं कुठे?

सगळ्यात चांगली शाळा म्हणजे वॉर्ड, डिस्चार्जच्या आधीचे तीन-चार दिवस. सिस्टर कड बदलताना, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी रिकामी करताना, नळीतून जेवण देताना बाजूला उभे राहा. मग म्हणा, "सिस्टर, आता मी करते, तुम्ही बघा." हे वाक्य महत्त्वाचं. बघून आलेलं आणि हाताने करून आलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, घरी दुसऱ्याला दाखवायला कामी येतो.

डिस्चार्ज होऊन गेला असेल तरी दारं बंद झालेली नाहीत. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन्ही विभाग आहेत. फिजिओथेरपी हालचालीवर काम करते, तर ऑक्युपेशनल थेरपी आंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं परत जमावीत म्हणून. घरच्यांना दुसरीचं नाव सहसा माहीत नसतं, आणि घरी कामाला तीच जास्त येते. मिहानमधल्या एम्समध्ये पुनर्वसन वैद्यकशास्त्राचा विभाग आहे. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, ज्याला सगळे सीआरसी म्हणतात, तेही नागपुरात आहे. तिथे वेगवेगळ्या थेरपी एका छताखाली मिळतात आणि पालकांना मार्गदर्शन होतं. मूल लहान असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यासाठी आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारलं तरी रस्ता सापडतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा ऑटिझम आणि विकासात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. त्यात नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी असतात. त्या घरभेटींमागे कारण आहे. थेरपीच्या खोलीत जमलेली गोष्ट तुमच्या अरुंद मोरीत जमेलच असं नाही. म्हणून जिथे शिकाल तिथे विचारा, कोणी एकदा घरी येऊन बघेल का? नसेल जमत तर खोलीचा, मोरीचा, दाराचा व्हिडिओ आणि मापं घेऊन जा.

## खोली

टेप घ्या आणि व्हीलचेअर विकत घेण्याआधी दारं मोजा. बाथरूमचं दार बहुतेक घरांत सगळ्यात अरुंद असतं, आणि खुर्ची तिथेच अडते. महालातल्या जुन्या वाड्यात तर उंबरठा, मग खाली उतरणारी मोरी, मग गुळगुळीत फरशी असा तिहेरी घाट असतो. अशा घरी मोरीचा हट्ट सोडून खोलीतच कमोड खुर्ची ठेवलेली चांगली.

उताराचं गणित सोपं आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. पायरी सहा इंचांची असेल तर उतार सहा फूट हवा. सुताराला न सांगता सोडलं तर तो दोन फुटांची फळी टाकून देतो, आणि मग खुर्ची वर ढकलायला दोन माणसं लागतात.

पलंगाची उंची व्हीलचेअरच्या बैठकीएवढी असावी. बुटका दिवाण असेल तर खाली लाकडी ठोकळे बसवा. जमिनीवरची गादी बंद करा. खाली वाकून उचलण्यात सगळ्यात आधी तुमची कंबर जाते. डोकं वर करता येणारी रुग्णालयातली खाट सर्जिकल दुकानांतून भाड्यानेही मिळते.

## पलंगावरून खुर्चीवर

हे वाचून येणार नाही, पण क्रम पाठ असला तर थेरपिस्टसमोर लवकर बसेल.

१. खुर्ची माणसाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरपी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. ब्रेक हाताने हलवून तपासा.

२. काय करणार ते सांगा. "बाबा, आता खुर्चीत बसायचं. तीन म्हटलं की उठायचं." ऐकू येत नसेल तर खुर्चीकडे बोट दाखवा.

३. पलंगाच्या कडेला बसवून मिनिटभर थांबा. पडून असलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर एकदम बसवल्यावर उतरतं. चक्कर, घाम, चेहरा पांढरा पडणं दिसलं तर परत झोपवा.

४. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघ्यांच्या थोडे मागे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं पुढे वाकवा. इथेच बहुतेक जण चुकतात. माणूस मागे रेललेला असतो आणि घरचे वर ओढत असतात.

५. कमरेला रुंद, पक्का पट्टा बांधून त्याला धरा. काखेत हात नको, लकव्याच्या बाजूचा दंड ओढणं तर मुळीच नको. त्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा निसटतो आणि महिनोन्महिने दुखतो.

६. तुमच्या गुडघ्याने त्यांचा कमजोर गुडघा समोरून अडवा. एक, दोन, तीन. तुमची कंबर सरळ, गुडघे वाकलेले. उभं, वळणं, हळूच बसवणं.

पडायला लागले तर धरून ठेवायची झटापट करू नका. अंगाला टेकवून हळूहळू जमिनीवर बसवा. जमिनीवर बसलेला माणूस दोघांनी उठवता येतो; हाड मोडलं तर तीन महिने गेले.

सेरेब्रल पाल्सीच्या लहान मुलांच्या बाबतीत आपली जुनी सवय कामाची आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील तर त्याला आडवं हातांवर न घेता कडेवर घ्या, दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना. पाय वेगळे राहतात, मान वर येते, आणि पोराला जग दिसतं. ताठ झालेले पाय जोर लावून उघडू नका, जोर केला की ते आणखी आवळतात.

## पाठीची जखम

मला विचाराल तर पहिल्या महिन्यात शिकायची एकच गोष्ट निवडायची असेल तर ही. बेडसोर व्हायला एक रात्र पुरते आणि भरायला महिने लागतात.

दर दोन तासांनी कड. पाठ, उजवी, पाठ, डावी. कुशीवर पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलवा. पूर्ण कुशीवर कमरेच्या हाडावर सगळा भार येतो. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पिंढऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा हवेत राहतात. टाचेखाली उशी ठेवली तर काहीच साधत नाही. वर ओढायचं असेल तर अंगाखाली घातलेल्या चादरीने दोघांनी उचलून सरकवा. फरफटवलं की कातडी सोलते.

सकाळी आंघोळीच्या वेळी आणि रात्री झोपताना मोबाइलचा टॉर्च लावून बघा: माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी. लाल जागा दिसली तर बोटाने दाबा आणि सोडा. पांढरट होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग हटत नसेल तर जखम सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधायची. त्या जागेवर भार द्यायचा नाही, तेल चोळायचं नाही, पावडर थापायची नाही. मध्ये भोक असलेली गोल रिंग कितीही लोकांनी सुचवली तरी आणू नका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी तुटतो. कातडी फुटली किंवा फोड आला तर घरी उपचार न करता डॉक्टर.

एअरबेड घेतला म्हणजे कड बदलणं सुटत नाही. नागपुरात त्याची आणखी एक गोम आहे. मे महिन्यात लाइट जाते, पंप थांबतो, गादीतली हवा उतरत जाते आणि तासाभरात माणूस खाटेच्या पत्र्यावर. लाइट गेली की घड्याळ बघायचं आणि पुढची कड लवकर घ्यायची. हे रात्री जागणाऱ्या माणसाला सांगून ठेवा.

व्हीलचेअरवर बसणाऱ्याला दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवायला शिकवा: पुढे टेबलावर वाकणं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकणं. हे ज्याचं त्याने करायचं. मोबाइलवर गजर लावून द्या आणि आपण मध्ये पडू नका.

## जेवण

लकव्यानंतर, सेरेब्रल पाल्सीत, पार्किन्सन्समध्ये घास गिळणं बिघडतं आणि पाणी श्वासनलिकेत जातं. खोकला आला तर कळतं. काहींना खोकलाही येत नाही, नंतर ताप आणि न्यूमोनियाच येतो. जेवताना आवाज ओला, घरघरल्यासारखा होणं, डोळ्यांत पाणी, एका घासाला चार वेळा गिळणं, वजन उतरणं, वरचेवर छातीत कफ. यातलं काही दिसलं तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे जा.

तोवर ताठ बसवूनच भरवा. तुम्ही समोर, डोळ्यांच्या पातळीला बसा. उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि श्वासनलिका उघडी पडते. हनुवटी किंचित खाली. लहान चमचा, पहिला घास उतरल्यावर दुसरा. टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास बसून. गाल तपासा, लकव्याच्या बाजूला भात अडकून राहतो. दात आणि जीभ दोनदा साफ करा, नळीने जेवणाऱ्याचीसुद्धा.

तर्री पोहे या माणसाला देऊ नका, पातळ रस्सा एकीकडे आणि कोरडे पोहे दुसरीकडे, एकाच तोंडात दोन तऱ्हा सांभाळणं त्याला जमत नाही. घोटलेली वरणफळं, घोटलेली खिचडी, ज्वारीची आंबील चालते. कोणाला किती घट्ट हे थेरपिस्टने ठरवायचं. "पातळ पिठल्याएवढं" असं आपल्या भाषेत लिहून घ्या, म्हणजे घरात सगळे सारखं करतील.

नाकातली नळी असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, आधी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघा, जेवणाआधी आणि नंतर पाणी सोडा. नळी सरकली किंवा निघाली तर आत ढकलू नका. तसंच घेऊन रुग्णालयात.

## लघवी, शौच आणि पाणी

युरीन बॅग नेहमी कमरेच्या खाली, पण फरशीवर नाही. खुर्चीवर बसवताना ती मांडीवर ठेवायची सवय पहिल्या दिवशीच मोडा, पिशवीतली लघवी परत आत जाते. दोन-तृतीयांश भरली की रिकामी. आधी आणि नंतर साबणाने हात. लघवी गढूळ, वास उग्र, थंडी वाजून ताप, किंवा पिशवीत काहीच येत नसेल तर थांबू नका.

डायपर कमी भिजावा म्हणून पाणी कमी पाजणारी घरं मला दर उन्हाळ्यात भेटतात. त्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि पोट कडक होतं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दिवसभर पाजा, झोपण्याआधी दोन तास कमी करा. शौचाला रोज एकाच वेळी बसवा, जेवणानंतर किंवा सकाळच्या गरम पाण्यानंतर.

मणक्याला छातीच्या मध्यापाशी किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांच्या घरच्यांनी हे फ्रिजवर लिहून लावा: अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणं, चेहरा लाल, कपाळावर घाम. ब्लडप्रेशर धोक्याच्या वर गेलेलं असतं. झोपवू नका, लगेच ताठ बसवा, पट्टा-कपडे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का बघा. उतरलं नाही तर १०८.

## फिट

घड्याळ बघा. डोक्याखाली काहीतरी मऊ, आसपासचं टोकदार सामान दूर, झटके थांबले की कुशीवर. धरून ठेवायचं नाही, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांच्या वर गेली, एकामागून एक आली, किंवा पहिलीच असेल तर १०८.

## जिथे हात आवरायचे असतात

आतापर्यंतचं सगळं शरीराबद्दल होतं. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम किंवा अंधत्व असलेल्या माणसाच्या घरी चूक उलट बाजूने होते: घरचे जास्त करतात.

पॅन्ट घालायला शिकवायची तर सगळी तुम्ही घाला, फक्त शेवटी गुडघ्यापासून कमरेपर्यंत त्याला ओढू द्या. ते पक्कं झालं की घोट्यापासून. शेवटून सुरुवात केली की प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. आजी म्हणेल, "काहून त्रास देऊन राहिली पोराला, मी घालून देतो ना." आजीलाही शिकवा. लकवा झालेल्यांना कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना चांगला हात आधी; मग बरंचसं ते स्वतःच करतात.

ऑटिझम असलेल्या मुलाला बदल आधी सांगा, चित्रांनी सांगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबत निघते, ढोल, गर्दी, आरडाओरड. त्या भागात राहत असाल तर दोन-तीन दिवस आधीपासून फोटो दाखवा, कानांवर घालायचं काही हाताशी ठेवा, आणि तो नको म्हणाला तर त्या दिवशी मावशीकडे खामल्याला घेऊन जा. पाव्हण्यांना वाईट वाटेल, वाटू द्या.

वयात येणाऱ्या मुलीला पॅड बदलणं पाळी यायच्या आधीच शिकवा, कोरड्या पॅडवर. अंगाला कोण हात लावू शकतं, कोण नाही, हेही. काळजी घेणारे हात जितके जास्त, तितकं हे गरजेचं, आणि मुलग्यांनाही तितकंच.

नजर नसलेल्याचा हात धरून ओढू नका. तुमचं कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धा पाऊल पुढे चाला. ताटातलं घड्याळाने सांगा: "बाबा, बाराला वरण, तीनला भाजी, सहाला भाकर." आणि घरातली खुर्ची न सांगता हलवायची नाही, दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा.

## नागपूरचा उन्हाळा

पारा ४५ च्या आसपास गेला की धडधाकट माणूस गळतो. मणक्याच्या वरच्या भागात इजा असलेल्याला इजेच्या खाली घामच नीट येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं. दुपारी ओला कपडा मान-काखांत फिरवा, कूलर दुपारी बारालाच सुरू करा, थर्मामीटर जवळ ठेवा. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही घाम कमी होतो, आणि लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषध विषारी पातळीला जाऊ शकतं. अशांच्या डॉक्टरांना मार्चमध्येच भेटून या.

उन्हात उभी राहिलेली व्हीलचेअर किंवा गाडीची सीट आधी तुमच्या हाताने तपासा. ज्या मांडीला संवेदना नाही ती भाजली तरी कळत नाही. डिसेंबरात हीच गोष्ट गरम पाण्याच्या पिशवीने होते. पावसाळ्यात कूलर चालू ठेवलात तर चादर दमट राहते आणि कातडी नरम पडते. तेव्हा पंखा बरा.

## कागदपत्रं, झटपट

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली असेल तर पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलकडे. नागपूर महापालिकेच्या समाजविकास विभागात दिव्यांगांसाठी राखलेल्या पाच टक्के निधीतून सध्या कोणत्या योजना आहेत ते विचारा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याखालचा राष्ट्रीय न्यास आहे. त्याची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतची आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. या चार गटांतलं मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. सतराव्या वर्षीच तयारी करा.

## तुम्ही

कंबर धरली, रात्री जागून डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, आणि कोणी विचारलं तर "बरं चाललंय." टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि सुटी शिकावी लागते. एक वही करा: औषधं वेळेसह, कड कोणत्या वेळी कोणती, जेवण किती घट्ट, काय झालं तर कोणाला फोन, माणूस दुखलं की कसा चेहरा करतो, झोप येत नसेल तर कोणतं भजन लावायचं. मग दुसऱ्या शिकलेल्या माणसाच्या हाती घर द्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि तासभर बाहेर येऊ नका, आतून ऐकू आलं तरी. पुढच्या आठवड्यात दोन तास बाहेर जा, फुटाळ्याला जा, कुठेही जा. मग एक रात्र माहेरी किंवा बहिणीकडे. त्या रात्री फोन आला तर चिडू नका. कशासाठी आला ते बघा. ती गोष्ट वहीत नसणार. सकाळी घरी आल्यावर ती वहीत लिहून टाका, आणि पुढची तारीख ठरवा.